पाच जणांच्या पाच तऱ्हा: सगळ्यांना जमेल अशी डोंगरवाट कशी निवडायची?

पायपीट

नमस्कार मंडळी. सुट्टी हातात आहे, तिकिटं अजून काढलेली नाहीत, त्यामुळे देश कुठलाही चालेल. अट एवढीच की गाडीतून डोंगर बघायचे नाहीत, डोंगरात चालायचं आहे, आणि चालताना डोळ्यांचं पारणं फिटायला हवं.

अडचण माणसांची आहे. सासूबाई सहासष्टच्या. रोज सकाळी तासभर झपाझप चालतात, दम म्हणून लागत नाही, पण जिना उतरताना कठडा सोडत नाहीत, कारण उजवा गुडघा कुरकुरतो. नवरा पळणाऱ्यांतला, घाम निघाला नाही तर त्याचा दिवस फुकट जातो. लेक दहा वर्षांची. पायात बळ भरपूर, पण दर वळणावर "अजून किती राहिलं?" सुरू होतं. नणंद तब्येतीने ठणठणीत, फक्त गच्चीच्या कठड्यापाशीसुद्धा उभी राहत नाही. मी कुठेतरी मधे.

गेले कित्येक दिवस वाटांची वर्णनं वाचतेय आणि गोंधळ वाढतच चाललाय. एकाच वाटेला एकजण 'सोपी' म्हणतो, दुसरा 'मध्यम', तिसरा 'फिट लोकांसाठी मध्यम'. वेळ म्हणावी तर एकीकडे चार तास, दुसरीकडे सात. फोटो सगळे शेवटच्या टोकावरचे, हात पसरून काढलेले. मधली वाट कशी आहे ते कोणी दाखवतच नाही.

तर प्रश्न असा: जायच्या आधी, घरी बसून, एखादी वाट आपल्यातल्या कोणाला झेपेल हे कसं ओळखायचं? आणि पाचही जणांनी एकत्र जायचं की दोन गट करायचे?

डोंगरवेडा

ताई, एवढा विचार करू नका. 'मध्यम' लिहिलेली कुठलीही वाट घ्या. सावकाश गेलं की सगळ्यांना सगळं जमतं. आमच्या ग्रुपमध्ये सत्तरीचे काका येतात!

समोच्च

तुमच्या सत्तरीच्या काकांना नमस्कार, पण त्यांच्यावरून या सासूबाईंचा गुडघा मोजू नका.

पायपीट ताई, माझी नोकरी सर्वेक्षणात गेली, त्यामुळे आधी नकाशा आणि मग डोंगर ही खोड आहे. थोडं लांबण लागेल, पण प्रश्न चांगला विचारलात म्हणून लिहितो.

सोपी, मध्यम, अवघड हे शिक्के आधी बाजूला ठेवा. ते मारणारा स्वतः कसा चालतो, कुठल्या ऋतूत गेला, पाठीवर किती ओझं होतं, यातलं काहीच त्या शिक्क्यात उतरत नाही. काही ठिकाणी शिक्क्यामागे व्याख्या असते, तिथे तो उपयोगी पडतो. स्विस आल्पाइन क्लबची टी १ ते टी ६ अशी श्रेणी आहे आणि तिथल्या वाटांवर रंगाच्या खुणा असतात. नुसती पिवळी खूण म्हणजे साधी पायवाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, इथे पाऊल नेमकं पडायला हवं आणि घेरी येता कामा नये. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे आल्पाइन वाट, तिकडे तुम्ही फिरकूही नका. नॉर्वेत हिरवा, निळा, लाल, काळा असे चार रंग चढत्या क्रमाने येतात. हे रंग मी मानतो, कारण ते वाट कशी आहे ते सांगतात. 'मध्यम' हा शब्द लिहिणाऱ्याला कसं वाटलं तेवढंच सांगतो.

आता चढ. लोक अंतर बघतात आणि तिथेच फसतात. एकूण चढ मीटरमध्ये घ्या आणि चढत्या भागाच्या किलोमीटरने भागा. माझा ठोकताळा असा: किलोमीटरला पन्नास मीटरच्या आत चढ असेल तर गप्पा मारत चालता येतं. शंभराच्या आसपास आला की वाक्यं तुटायला लागतात. दीडशेच्या पुढे बोलणं बंद.

मात्र सरासरीवर विसंबू नका. दहा किलोमीटरमध्ये पाचशे मीटर चढ ऐकायला गोड वाटतो, पण त्यातले चारशे शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये असले तर लेक आणि सासूबाई दोघी तिथेच बसतील. म्हणून समोच्च रेषांचा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा उघडा. पेन्सिलीचं टोक वाटेवर ठेवून सावकाश सरकवा आणि किती रेषा ओलांडल्या ते मोजा. रेषांमधलं अंतर वीस मीटर असेल तर दर पाचवी रेषा जाड असते, म्हणजे एका जाड रेषेपासून दुसरीपर्यंत शंभर मीटर उंची. दोन जाड रेषा एकमेकींपासून बोटभर दूर असल्या तर निवांत. एकमेकींना चिकटल्या तर तिथे उभी चढण आहे, वर्णनात काहीही लिहिलेलं असो. आणि वाट रेषेला समांतर गेली असेल तर ती आडवी वाट, पायांना विश्रांती.

वेळेचा घोळ कशामुळे होतो तेही सांगतो. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक हिशेब मांडला, तो अजून चालतो: पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला वर एक तास. जर्मन भाषिक आल्प्समध्ये दुसरा हिशेब आहे. सपाटीला तासाला चार किलोमीटर, चढाला तासाला तीनशे मीटर, उताराला पाचशे. उंचीचा वेळ आणि अंतराचा वेळ वेगवेगळा काढायचा, मोठा पूर्ण घ्यायचा, लहान निम्मा घ्यायचा, आणि बेरीज करायची.

जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि ८०० मीटर चढ, तेवढाच उतार, अशी वाट धरू. नेस्मिथचं उत्तर येतं सुमारे पावणेचार तास. दुसऱ्या पद्धतीने अंतराचे तीन तास आणि उंचीचे सव्वाचार, म्हणजे एकूण जवळपास पावणेसहा. वाट एकच, फरक दोन तासांचा, आणि यात कोणी खोटं बोललेलं नाही. दोन्हींत विश्रांती धरलेली नाही. स्वित्झर्लंडमधल्या पिवळ्या पाट्यांवर जी वेळ लिहिलेली असते तीही न थांबता चालायची. तुमच्या मंडळींसाठी दुसरी पद्धत घ्या आणि वर दीड-दोन तास सोडा. एवढा उजेड त्या दिवशी मिळणार नसेल तर वाट बदला.

एकच आकडा हवा असेल तर अमेरिकेतल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानाचं सूत्र आहे. एकूण चढ फुटांत, गुणिले दोन, गुणिले अंतर मैलांत, आणि त्याचं वर्गमूळ. पन्नासच्या आत सर्वात सोपी, शंभरापर्यंत मध्यम, दीडशेपर्यंत जरा कष्टाची, दोनशेपर्यंत कष्टाची, दोनशेच्या वर अति कष्टाची. मघाच्या वाटेचा आकडा येतो १९८. म्हणजे कोणीतरी बेफिकिरीने 'मध्यम' म्हणू शकेल अशी ती वाट प्रत्यक्षात शेवटच्या पायरीला टेकलेली आहे.

हे सूत्र वापरून एक गंमत बघा. नॉर्वेतलं ट्रोलटुंगा, दरीवर जिभेसारखा बाहेर आलेला तो कातळ, सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. शेगेडालच्या खालच्या वाहनतळापासून ती वाट जाऊन-येऊन २७ किलोमीटर आणि सुमारे ८०० मीटर चढाची. आकडा तीनशेला भिडतो. वरच्या, मोगेलीटॉपच्या वाहनतळापासून निघालात तर २० किलोमीटर आणि ३२० मीटरच्या आसपास चढ. आकडा १६१. शेवटचा फोटो दोघांचा तोच. म्हणजे वाटेचं नाव घेऊन चालत नाही, सुरुवात कुठून हे आधी विचारायचं. (तरी तुमच्या घराला हीही जास्तच आहे.)

यानंतर येतं ते कुठल्याच सूत्रात बसत नाही: पायाखाली काय आहे. बांधीव वाट, मुरमाड घसारा, मोठे सुटे धोंडे, ओला कातळ, झाडांची मुळं. उतारावर घसारा असेल तर तासाला दोन किलोमीटरही होत नाहीत. क्रोएशियातल्या प्लिटवित्सेच्या सरोवरांमधली वाट बरीचशी लाकडी फळ्यांची आहे, चढ किरकोळ, दोन्ही बाजूंना पाणी आणि धबधबे. माझ्या मते डोळ्यांना एवढं देणारी आणि पायांकडून इतकं कमी मागणारी वाट दुसरी सापडणं कठीण. पण पाऊस पडला की त्याच फळ्या निसरड्या होतात.

दोन गट करायचे का? नका करू. एकाच वाटेवर वेगवेगळ्या ठिकाणी वळता येईल अशी वाट शोधा. स्वित्झर्लंडमधल्या ग्रिंडेलवाल्डवरून पाळण्याने (रोपवेने) फर्स्टला जा, सुमारे २,१७० मीटर. तिथून बाखाल्पसे तलाव साधारण तीन किलोमीटर, रुंद खडीची वाट, शंभर मीटरच्या आसपास चढ, त्यातला बराचसा सुरुवातीलाच. हवा स्थिर असली तर पाण्यात श्रेकहॉर्नचं प्रतिबिंब दिसतं. सासूबाई, लेक, नणंद तिथपर्यंत. नवऱ्याला पुढे फाउलहॉर्नचं शिखर आहे, २,६८१ मीटर, म्हणजे तलावापासून सव्वाचारशे मीटर चांगला सणसणीत चढ. तो वर जाऊन येईपर्यंत बाकीचे काठावर बसलेले. त्याचाही घाम निघेल.

ग्रँड कॅन्यनची साउथ कायबॅब वाटही अशीच टप्प्यांची आहे: १.४ किलोमीटरवर ऊ-आ पॉइंट, २.४ वर सीडर रिज, ४.८ वर स्केलेटन पॉइंट. पण ती उलटी वाट. आधी उतरायचं, दमल्यावर चढायचं, वाटेत पाण्याची सोय नाही, आणि जितकं खाली जाल तितकं तापत जातं. चढून यायला उतरण्याच्या दुप्पट वेळ धरतात. तिथे "मला अजून बरं वाटतंय" हा परत फिरायचा निकष लावायचा नाही, घड्याळाचा लावायचा.

सावकाश

समोच्च, मस्तच. फक्त तुम्ही चढाला जेवढी जागा दिलीत तेवढी उताराला दिली नाहीत, आणि गुडघ्याच्या माणसाचं सगळं मरण उतारात असतं. हे मी स्वतःच्या साठीनंतरच्या गुडघ्यांवरून सांगतेय.

ताई, चढताना दम लागतो, थांबलं की जातो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीर तोलून धरतो, प्रत्येक पावलाला ब्रेक लावतो. त्याचं दुखणं त्या दिवशी कळत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिन्यावर कळतं. म्हणून "वाट नुसती उताराची आहे, सोपी आहे" असं कोणी म्हणालं तर सासूबाईंना तिथे नेऊ नका. स्वित्झर्लंडमधली आयगर ट्रेल हे ठळक उदाहरण. आयगरच्या उत्तर भिंतीच्या अगदी पायथ्यातून जाते, देखणी आहे यात वादच नाही. आयगरग्लेचर ते आल्पिग्लेन, सहा किलोमीटर, आणि त्यात सातशे मीटर उतार. लोक ती सर्रास खालच्या दिशेने करतात आणि सोप्यात धरतात. मी तीच खालून वर केली आणि वरून गाडीने परत आले. जास्त दमले, पण दुसऱ्या दिवशी चालत होते.

ग्रीसच्या क्रीट बेटावरची समारिया घळही तशीच. वर साडेबाराशे मीटरच्या आसपास सुरुवात, खाली समुद्र, सोळा किलोमीटर. सगळं वजन गुडघ्यांवर. शिवाय मधे कुठे सोडून देता येत नाही. अर्ध्यात गुडघा बसला तर पुढेही तेवढंच आणि मागे तर चढ. अशी वाट दिसली की मी पहिला प्रश्न विचारते, मधूनच बाहेर पडायचा रस्ता आहे का?

आणि पायऱ्या! वर्णनात 'दगडी पायऱ्या बांधलेल्या आहेत' वाचून हायसं वाटून घेऊ नका. नॉर्वेतल्या प्रेइकेस्टोलेनच्या वाटेवर शेर्पांनी बसवलेल्या सुरेख पायऱ्या आहेत. जाऊन-येऊन आठ किलोमीटरचीच वाट, पण काही पायऱ्या माझ्या गुडघ्याएवढ्या उंच. पायरी आपलं पाऊल ठरवते. साध्या उतारावर आपण नागमोडी जाऊन, छोटी पावलं टाकून वाचू शकतो, पायरीवर तशी सूट नाही.

दोन काठ्या घ्या त्यांना. एक नव्हे, दोन. उतरताना जरा लांब करायच्या, आधी काठ्या खालच्या पायरीवर, मग पाय. निघायच्या आधी महिनाभर घराजवळ वापरून बघू द्या, नाहीतर डोंगरात त्या काठ्या सासूबाईंच्या हाताऐवजी तुमच्या पाठीवर येतील.

पायपीट

बापरे, मी आयगर ट्रेल यादीत सर्वात वर ठेवली होती! 'उताराची आहे' याच कारणासाठी.

सासूबाईंचं आता बऱ्यापैकी कळलं. काठ्यांचं नाव काढल्यावर "म्हातारी समजतेस का मला" झालंच, पण बघू. नणंदेचं मात्र नकाशात कळेल असं वाटत नाही. तिला चढ, अंतर कशाचंच काही नाही. एका बाजूला दरी उघडी दिसली की पाय जागचे हलत नाहीत.

दरीकडे_पाठ

हा माझा प्रांत. तुमच्या नणंदेला माझ्याकडून आधी एवढं सांगा की हे फिटनेसचं दुखणं नाही, आणि "खाली बघू नकोस" या सल्ल्याने आजवर कोणाचं भलं झालेलं नाही.

उंचीची भीती असलेल्या माणसाला अवघड वाट आणि भीतीची वाट या दोन वेगळ्या गोष्टी असतात. पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या लेवाडा घ्या. पाण्याच्या पाटाच्या कडेने चालायचं. पाटाला उतार अगदी नाममात्र, त्यामुळे चढ नाहीच म्हणा ना. समोच्च यांच्या सूत्रात टाकलंत तर फार सोप्या निघतील. पण काल्डेराओ व्हेर्दच्या लेवाडावर काही ठिकाणी एका हाताला पाट, दुसऱ्या हाताला सरळ कडा, मधे चिंचोळा बांध. शिवाय बोगदे, आत काळोख, विजेरीशिवाय पाऊल टाकता येत नाही. सासूबाई ती आरामात करतील. नणंद पहिल्या चिंचोळ्या बांधावरून परत येईल. उलट दाट जंगलातून जाणारी खडी चढण मला काहीच करत नाही, कारण झाडं दरी झाकतात.

घरी बसून ओळखायचं तर मी असं करतो. शिखरावरचे फोटो सोडून द्यायचे. वर्णनात दोर, साखळी, शिडी, लोखंडी कांबी हे शब्द शोधायचे. वाटेवर धरायला काही बसवलंय याचा अर्थ तिथे धरावं लागतं. मग त्याच जागेचे फोटो शोधायचे, तेही गर्दीतले. समोरून माणूस आला तर दोघं कसे ओलांडतात ते त्यात दिसतं. नकाशात वाट धारेवरून जाते की सोंडेच्या पोटातून, हे समोच्च यांच्या पेन्सिलीने कळेल. रेषा अगदी दाट आणि वाट त्यांना समांतर, म्हणजे पायांना आडवी, सोपी, आणि डोळ्यांना नेमकी तीच वाईट. मी तीच आधी शोधतो आणि टाळतो.

आणि थांबायची जागा आधीच ठरवा. अमेरिकेतल्या झायन राष्ट्रीय उद्यानातल्या एंजल्स लँडिंगचा शेवटचा अर्धा मैल साखळ्यांचा आहे, दोन्हीकडे कडा. त्या टप्प्यासाठी एप्रिल २०२२ पासून सोडतीतून परवाना घ्यावा लागतो. पण त्याच्या अलीकडे स्काउट लुकआउट आहे, तिथपर्यंत परवाना लागत नाही, आणि दरीचं दृश्य तिथूनही भरभरून मिळतं. घरूनच "मी स्काउटपर्यंत येणार" असं ठरवून निघालं की तिथे कोणी हाताला धरून ओढत नाही. "बघू, वर गेल्यावर ठरवू" म्हणालं की चारचौघांत नाही म्हणायची पाळी येते. नणंदेला ती पाळी येऊ देऊ नका.

प्लिटवित्सेबद्दल एक तळटीप: फळ्यांना बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत. पाणी खाली लगेचच असल्यामुळे मला त्रास झाला नाही, तिलाही होऊ नये.

धावता_धोटा

एवढं गणित बघून चालायची इच्छाच जाईल लोकांची. मी नेस्मिथपेक्षा नेहमी लवकर पोचतो. पळणाऱ्या माणसाला डोंगर म्हणजे किरकोळ. नवऱ्याला सरळ हिमालयात पाठवा, पाच हजार मीटर, बाकीचे हॉटेलात.

समोच्च

धावता_धोटा, तुमचा वेग खरा असेल, त्याबद्दल शंका नाही. पण उंचीची बाधा फिटनेस बघून येत नाही. साधारण २,५०० मीटरच्या वर ती कोणालाही होऊ शकते, आणि पळणाऱ्याला अंमळ जास्त, कारण तो भराभर वर जातो. तीन हजारांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची न वाढवता काढायचा, हा संकेत आहे. मुक्कामाची उंची म्हणतोय, दिवसा वर जाऊन खाली झोपायला आलं तर चालतं. डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप नाही, अशा अवस्थेत वर जायचं नाही. तोल जायला लागला तर वाट न बघता खाली.

ताई, हिमालयच हवा असेल तर उत्तराखंडातली फुलों की घाटी बघा. २००५ पासून जागतिक वारशात आहे, फुलं जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत सर्वात जास्त. मुक्काम घांघरियाला, तीन हजार मीटरच्या आसपास. तिथून एक दिवस घाटी, आणि नवऱ्याला दुसऱ्या दिवशी हेमकुंड, ते चार हजारांच्या बरंच वर आणि चढ उभा. टप्प्यांची वाट म्हणून छान बसते. पण फुलं ऐन पावसातच असतात, त्यामुळे ओले दगड आणि दरडींमुळे बंद पडणारे रस्ते गृहीत धरायचे. सासूबाईंना पहिलीच डोंगरवाट म्हणून मी ती सुचवणार नाही.

लेकीचं राहिलं होतं. दहा वर्षांच्या पोराला अंतर झेपतं, एकसुरीपणा झेपत नाही. पाऊण तासात काहीतरी घडायला हवं: ओढा, पूल, दगडांवर चढायची जागा, खिंडीतून अचानक पलीकडचं दिसणं. म्हणून तिच्यासाठी वाट निवडताना मी दृश्य शेवटी आहे की वाटभर आहे हे बघतो. जंगलातून तीन तास आणि मग शेवटी एक भव्य कडा, अशा वाटा मोठ्यांना आवडतात. तिच्या हातात कागदी नकाशा द्या आणि पुढचा ओढा कधी येईल ते तिला सांगू द्या. "अजून किती राहिलं" हा प्रश्न मग तुम्ही तिला विचारा.

हवेचं थोडक्यात: उन्हाळ्यात डोंगरात वीज-पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, म्हणून सकाळी लवकर निघा. हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश गारवा वाढतो. तलावाकाठी बसून राहणाऱ्यांना चालणाऱ्यांपेक्षा जास्त कपडे लागतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

सावकाश

हे शेवटचं अगदी खरं. नवरे शिखरावरून घामाघूम येतात आणि आपण काठावर काकडलेल्या.

पायपीट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरात बैठक झाली. नवऱ्याने वर्गमूळ काढायचा ताबा घेतला आणि माझ्या यादीतल्या बऱ्याच वाटा निकालात काढल्या. बाखाल्पसेचा आकडा पन्नासच्या जेमतेम आत आला म्हणून सासूबाई उलट नाराज आहेत, "एवढीच?" म्हणाल्या. नणंदेने तलावाच्या वाटेचे गर्दीतले फोटो शोधून काढले आणि एकदाचं हो म्हटलं.

तर फर्स्ट–बाखाल्पसे नक्की, नवरा फाउलहॉर्नला. लेकीलाही वर जायचंय म्हणतेय. तिला त्याच्याबरोबर सोडू का? आणि जून चालेल की पुढे ढकलू?

समोच्च

जूनमध्ये फाउलहॉर्नच्या वाटेवर बर्फ शिल्लक असू शकतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कधीही जा.

लेकीला सोडा, पण नवऱ्याला आधी सांगून ठेवा की मग तो दिवस तिच्या पावलाने जायचा, त्याच्या घामाचं दुसऱ्या दिवशी बघू. एक अट मात्र घाला. फर्स्टवरून खाली येणाऱ्या शेवटच्या पाळण्याची वेळ त्या दिवशी सकाळीच बघून घ्या. त्या वेळेतून शिखरावरून फर्स्टला परत यायचा वेळ आणि वर एक तास वजा करा. उरेल ती त्या दोघांची वळायची वेळ. ती वाजली की जिथे असतील तिथून परत, शिखर शंभर मीटरवर दिसत असलं तरी. वेळ कागदावर लिहून लेकीच्या खिशात ठेवा, नवऱ्याच्या नको.